रेशनवर काय आलंय?

वाण्याच्या दुकानात गेलं की आपण म्हणतो, "अर्धा किलो तूरडाळ द्या, एक किलो साखर द्या." रेशनच्या दुकानात प्रश्न वेगळा असतो: "काय आलंय?" म्हणजे वाण्याकडे आपण मागतो आणि रेशनवर 'येतं'. कुठून येतं, कोण पाठवतं आणि नेमकं तेच का येतं, हे विचारायची पद्धत नाही.

गेले दोन-तीन वीकेंड मी याच प्रश्नाच्या मागे होतो. सरकारी मदतीवर नक्की काय काय घेता येतं, आणि ती यादी ठरवतं कोण? निष्कर्ष आधीच सांगून टाकतो (आमच्या धंद्यात याला एक्झिक्युटिव्ह समरी म्हणतात :-)). गेल्या ऐंशी वर्षांत ही यादी खाणाऱ्याच्या ताटाकडे बघून क्वचितच ठरली. त्या त्या वेळी सरकारी गोदामात काय पडून होतं, किंवा काय संपलं होतं, यावरून ती ठरत गेली. आता पुरावे.

'कंट्रोल'चे दिवस

खेड्यांत अजूनही जुनी माणसं रेशन दुकानाला 'कंट्रोल' म्हणतात. "कंट्रोलचा तांदूळ", "कंट्रोलची साखर". सरकारी कागदावर त्याचं नाव स्वस्त धान्य दुकान झालं, मग रास्त भाव दुकान झालं, पण लोकांच्या तोंडात दुसऱ्या महायुद्धातला शब्द टिकून राहिला.

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबई शहर या आयातीवर बरंच अवलंबून होतं. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली. सर थिओडोर ग्रेगरी यांच्या समितीने १९४३ सालीच शिफारस केली, की लाखावर वस्ती असलेल्या सगळ्या शहरांत रेशनिंग करा आणि मोठ्या माणसाला रोज एक पौंड धान्य मिळेल असं बघा. हा एक पौंडाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या पहिल्या रेशनबद्दलची एक गोष्ट आज आपण विसरलो आहोत. ते गरिबांसाठी नव्हतं, सगळ्यांसाठी होतं. सदाशिव पेठेतला वकील आणि त्याच्याकडे धुणं धुणारी बाई, दोघांनाही कार्ड आणि दोघांनाही माप. त्यात 'मदत' असा भाव नव्हता. आहे ते थोडं आहे, तेव्हा वाटून खा, एवढाच मुद्दा. कार्ड म्हणजे हमीही होती आणि मर्यादाही.

पुण्याचा या प्रकाराशी संबंध नुसता रांगेत उभं राहण्यापुरता नव्हता. गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक धनंजयराव गाडगीळ १९४७ साली ए. डी. गोरवाला यांच्याबरोबर कमॉडिटी प्राइसेस बोर्डावर होते. गाडगीळ नियंत्रणाच्या बाजूचे. तिकडे गांधीजी सांगत होते, की कंट्रोल उठवा, त्याने काळाबाजार वाढतो. डिसेंबर १९४७ मध्ये कंट्रोल उठायला लागला, भाव भडकले, आणि १९४८ संपायच्या आत तो परत आणावा लागला. पुढे पन्नाशीत रफी अहमद किडवई अन्नमंत्री असताना पुन्हा सैल झाला. उठवा-बसवाचा हा खेळ तेव्हापासूनचा.

अमेरिकेचा गहू, पुण्याचं गवत

अमेरिकेने १९५४ साली एक कायदा केला, पब्लिक लॉ ४८०. त्यांच्याकडे शेतमालाचे ढीग साठले होते. ते परदेशांना सवलतीत द्यायचे आणि पैसे त्या देशाच्याच चलनात घ्यायचे, अशी सोय. भारताने ऑगस्ट १९५६ मध्ये पहिला करार केला. पुढची पंधरा वर्षं आपली रेशन दुकानं या गव्हावर चालली. १९६६ या एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य आयात झालं.

इथे एक पुणेरी उपकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाजरगवत (किंवा काँग्रेस गवत) पीएल-४८० च्या गव्हातून आलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. या गवताची भारतातली बहुचर्चित पहिली नोंद चक्क पुण्यातली आहे, १९५५ सालची. पण करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये! म्हणजे गवत कराराच्या आधी हजर. त्याआधी १९५१ साली अमेरिकेने कर्जाऊ गहू दिला होता, तेव्हा अमेरिकन गव्हाला अगदीच क्लीन चिट देता येत नाही. पण पीएल-४८० वरचा आरोप तारखांच्या हिशोबात बसत नाही. तरी तो टिकला, कारण लोकांना तो मनातून पटत होता. परक्याच्या गोदामातला गहू आपल्या ताटात येतो तेव्हा त्याबरोबर आणखी काहीतरी येणार, ही शंका काही चुकीची नव्हती.

मराठी माणसाची आणखी एक अडचण होती. देशावरचं आणि मराठवाड्याचं रोजचं खाणं म्हणजे ज्वारी-बाजरी. पोळी सणावाराची किंवा पैसेवाल्यांची. रेशनवर यायचा गहू. तो स्वस्त, ज्वारी बाजारात महाग. वर्षानुवर्षं हे चाललं तर काय होणार? भाकरीची पोळी झाली. यामागे शहरं, गिरण्या, नोकरदार बायकांची घाई अशी इतर कारणंही आहेतच. पण रेशनचा वाटा मोठा आहे.

१९६५ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी शनिवारवाड्यासमोरच्या सभेत जाहीर केलं, की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याबाबत स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. त्याच सुमाराला संकरित ज्वारी आली होती (सीएसएच-१ हे वाण १९६४ चं). शासन ज्वारीची एकाधिकार खरेदी करत होतं. म्हणजे एक काळ असा होता, की महाराष्ट्राचं सरकार महाराष्ट्राचं धान्य विकत घेऊन रेशनवर देत होतं. तक्रारी होत्याच. खरिपाची हायब्रीड पावसात सापडली की काळी पडायची, मालदांडीची चव तिला नव्हती. पण निदान धान्य ओळखीचं होतं.

मग १९७२ चा दुष्काळ. अमेरिकेतून लाल ज्वारी आली, 'मिलो'. तिथे ती मुख्यतः जनावरांना घालतात. आपल्याकडे ती रेशनवर मिळाली. दुष्काळी कामांवर सुकडी आणि घरी मिलोची लाल भाकरी, ही त्या पिढीची आठवण आहे. त्या पिढीतल्या कुणाही समोर 'मिलो' म्हणा आणि चेहरा बघा. तरी खरं बोलायचं तर मिलोने जीव वाचवले. सत्तर साली ज्याला पोटभर मिळत होतं त्याने बहात्तर साली मिलोला नावं ठेवली, आणि ज्याला एरवीही मिळत नव्हतं त्याने ती मुकाट्याने खाल्ली.

त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर वगैरे पुढाऱ्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. मागण्या तेल, साखर, रॉकेल, धान्य यांच्याच. रेशनच्या यादीत काय असावं हे खाणाऱ्यांनी, खरं तर रांधणाऱ्यांनी, ओरडून सांगितल्याचा आपल्या इतिहासातला हा एक ठळक प्रसंग.

यादी लांब होती तेव्हा

सत्तर-ऐंशीच्या दशकात रेशनची पिशवी भरगच्च असायची. गहू, तांदूळ, साखर, आयात केलेलं पामतेल, निळं रॉकेल. दिवाळीला जादा साखर. पुण्यातली मध्यमवर्गीय घरंसुद्धा रांगेत असायची आणि त्यात लाज वाटायचं कारण नव्हतं.

पण इथेही आतलं गणित बघा. साखर होती, कारण १९६७ नंतर साखर कारखान्यांना उत्पादनाचा ठरावीक हिस्सा 'लेव्ही' म्हणून सरकारी भावात द्यावा लागायचा. पामतेल आलं, कारण देशात तेलबियांचा तुटवडा होता आणि जगात पामतेल स्वस्त होतं. लेव्ही २०१३ साली रद्द झाली. पुढे २०१७ पासून केंद्राने साखरेचं अनुदान फक्त अंत्योदय कुटुंबांपुरतं ठेवलं, महिन्याला एक किलो. ज्या राज्याच्या राजकारणाला साखरेची चव आहे, तिथल्या बहुसंख्य रेशनकार्डांवरून साखर गेली आणि फारसा आवाज झाला नाही. रॉकेलही अनुदान आटत आटत गेलं.

नारिंगी तिकीट, निळं तिकीट

थोडं विषयांतर. अमेरिकेत ऑनसाइट जाऊन आलेल्यांनी सुपरमार्केटच्या दारावर ईबीटीची पाटी पाहिली असेल. तिथे गरीब कुटुंबाला कार्डावर पैसे मिळतात आणि त्यातून दुकानातली जवळपास कुठलीही खायची वस्तू घेता येते. दारू, तंबाखू, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि गरम तयार जेवण चालत नाही. म्हणजे आपल्याकडे 'काय मिळेल' याची यादी, त्यांच्याकडे 'काय मिळणार नाही' याची. आमच्या भाषेत व्हाइटलिस्ट आणि ब्लॅकलिस्ट. (२०२५ मध्ये काही राज्यांनी शीतपेयं आणि गोळ्या-चॉकलेटंही वगळायची परवानगी मिळवली, त्यावर तिकडे मोठा वाद झाला.)

गंमत म्हणजे त्यांची सुरुवातही गोदामातूनच झाली. मे १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात पहिली फूड स्टँप्स निघाली. एक डॉलरची नारिंगी तिकिटं विकत घेतली की पन्नास सेंटची निळी फुकट. नारिंगीवर काहीही घ्या, निळीवर मात्र सरकारने जाहीर केलेला जादा शेतमालच घ्यायचा. युद्धात जादा माल उरला नाही तेव्हा १९४३ साली योजनाच गुंडाळली. १९६१ साली पुन्हा प्रयोग झाला तेव्हा निळं तिकीट काढून टाकलं, आणि १९६४ चा कायदा त्याच धर्तीवर झाला. म्हणजे त्या देशाने आपल्या गरिबांची निळ्या तिकिटातून सुटका केली, आणि जादा माल बोटीत घालून आपल्याकडे पाठवला. साठच्या दशकातलं आपलं रेशनकार्ड म्हणजे एका अर्थाने अमेरिकेचं निळं तिकीटच होतं.

तीन रंग

आता परत पुण्यात. १९७१ साली गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 'भारतातील दारिद्र्य' हा प्रसिद्ध अभ्यास मांडला. माणसाला रोज २२५० कॅलरी मिळाव्यात एवढा खर्च करता येतो का, ही त्यांची कसोटी. १९६०-६१ च्या भावाने शहरात माणशी महिना साडेबावीस रुपये, खेड्यात पंधरा. किती लोक उपाशी आहेत ते मोजायला ही रेघ होती. पुढे सरकारी रेषा निरनिराळ्या समित्यांनी आखल्या, आणि जून १९९७ मध्ये लक्ष्यनिर्धारित रेशन आलं तेव्हा मोजायच्या रेघेचं दार झालं. अलीकडचे आत, पलीकडचे बाहेर.

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून कार्डांना रंग मिळाले. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर शुभ्र. पिवळ्या कार्डाच्या अटींत घरात फोन नसावा अशीही एक होती. शुभ्र कार्ड म्हणजे धान्य नाही, फक्त कार्ड. आमच्यासारख्यांच्या घरात ते गॅस कनेक्शनला आणि पासपोर्टला उपयोगी पडलं. आणि इथेच एक मोठी गोष्ट झाली. वकील रांगेतून निघून गेला. ज्याला गहू खराब आला म्हणून अर्ज लिहिता येत होता, वर्तमानपत्रात पत्र पाठवता येत होतं, तोच गेला. रांगेत उरले ते आवाज नसलेले.

गंमत (ही गंमत नाही खरं तर) अशी, की नेमक्या याच काळात गोदामं भरून वाहत होती. २००२ च्या उन्हाळ्यात सरकारी साठा सहा कोटी टनांच्या वर होता. गोदामात धान्य कुजतंय आणि राजस्थानात माणसं उपाशी आहेत, म्हणून २००१ मध्ये पीयूसीएलने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या याचिकेतून पुढे अन्नाचा हक्क हा विषय मोठा झाला आणि २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा आला.

पाच किलोचा हिशोब

कायदा मोठाच होता. महाराष्ट्रात ७ कोटी १६ हजार लोक त्याखाली आले. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. तांदूळ तीन रुपये, गहू दोन, भरड धान्य एक रुपया किलो. जानेवारी २०२३ पासून फुकट. कोविडच्या काळात एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो जादा मिळालं, आणि लॉकडाउनमध्ये पुण्यातली कितीतरी घरं त्यावर तगली. त्याची किंमत कमी करायची नाही.

पण हिशोब करून बघू. पाच किलो भागिले तीस म्हणजे रोज १६६ ग्रॅम. त्याच्या कॅलरी होतात पावणेसहाशेच्या आसपास, दांडेकर-रथांच्या आकड्याचा साधारण चौथा हिस्सा. आणि ग्रेगरी समितीचा एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, महिन्याला साडेतेरा किलो! दोन्ही योजनांचा हेतू वेगळा आहे हे मान्य, तेव्हा बाजारात पर्यायच नव्हता. तरी दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत असे आहेत.

दुसरा आकडा, ५९ हजार. शहरी प्राधान्य कुटुंबासाठी २०१३ च्या निर्णयात ठरलेली वार्षिक उत्पन्नाची ही मर्यादा. म्हणजे महिन्याला सगळ्या कुटुंबाचं मिळून पाच हजारसुद्धा नाही. पुण्यात चार घरची धुणीभांडी करणारी बाई कागदोपत्री ही रेषा सहज ओलांडते. मग तिच्या हातात केशरी कार्ड असलं तरी त्यावर धान्य नाही. अशा केशरी कार्डांना मे-जून २०२० मध्ये गहू आठ रुपये आणि तांदूळ बारा रुपये किलोने मिळाला होता, तेवढाच.

आणि यादी? गहू आणि तांदूळ. त्यांचं प्रमाणही गोदाम ठरवतं. २०२२ च्या उन्हाळ्यात गव्हाची सरकारी खरेदी ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. लगेच महाराष्ट्रासह काही राज्यांचा मोफत योजनेतला गहू कमी करून तांदूळ वाढवला. लोकांना पोळीऐवजी भात खावासा वाटू लागला म्हणून नव्हे!

डाळ कधी आली? २०१६-१७ च्या हंगामात तुरीचं अमाप पीक आलं, सरकारला खरेदी करावी लागली, साठा अंगावर आला. मग २०१८ मध्ये तूरडाळ पस्तीस रुपये किलोने रेशनवर. साठा संपला, डाळ गेली. 'आनंदाचा शिधा' २०२२ च्या दिवाळीला सुरू झाला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. सणाचं सामान म्हणून लोकांना तो आवडला. पण २०२५ च्या गणपतीत तो मिळाला नाही, तिजोरीत पैसे नव्हते.

सगळ्यात बोलकं उदाहरण मराठवाडा-विदर्भाचं. शेतकरी आत्महत्या झालेल्या चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होतं. कायद्याबाहेरच्या या योजनेसाठी केंद्राकडून गहू-तांदूळ मिळेनासा झाला, तेव्हा २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये बँकेत देणं सुरू झालं, २०२४ मध्ये एकशे सत्तर. म्हणजे निवड करायचं स्वातंत्र्य मिळालं तेही गोदाम नाही म्हणालं म्हणून.

मग करायचं काय?

रोख पैसे द्या, हे एक उत्तर. चंडीगड आणि पुदुच्चेरीत २०१५ पासून तसं चालू झालं. मला ते पूर्ण पटत नाही. भाव वाढले की दीडशे रुपये आटतात, पाच किलो आटत नाहीत. शिवाय पैसे घरात आले की ते कुणाच्या हातात पडतात हा प्रश्न आहेच. लाटणी घेऊन निघालेल्या बायकांनी तेल आणि धान्य मागितलं होतं, मनिऑर्डर नव्हे.

दुसरं उत्तर यादी सुधारायचं. अशक्य आहे असं म्हणायची सोय नाही, कारण तमिळनाडू २००७ पासून रेशनवर सवलतीत तूरडाळ आणि पामतेल देतंय. कर्नाटकाने नाचणी-ज्वारी आणली. अडचण खरी आहे. डाळ आपल्यालाच पुरत नाही, आयात करावी लागते. पण हे चक्र उलट बाजूनेही बघता येतं. सरकार गहू-तांदूळ हमखास घेतं म्हणून शेतकरी ते पिकवतो, ते पिकतं म्हणून गोदामात येतं, गोदामात आहे म्हणून रेशनवर येतं. ज्वारीला आणि तुरीला तेवढंच खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं तर त्याही पिकतील. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १२ मध्ये रेशनवरच्या वस्तूंत हळूहळू विविधता आणावी असं लिहिलेलंच आहे. नवीन कायदा करायची गरज नाही, आहे तो वाचला तरी पुरे.

जाता जाता एक शब्द. सरकारी मराठीत रेशनकार्डाला 'शिधापत्रिका' म्हणतात. शिधा हा आपला जुना शब्द. दारी आलेल्या ब्राह्मणाला किंवा वाटसरूला शिधा द्यायचा म्हणजे तांदूळ, कणीक, डाळ, तूप, गूळ, मीठ. चूल मांडून एका माणसाचं पूर्ण जेवण होईल एवढं सगळं. नुसते तांदूळ आणि गहू देऊन त्याला शिधा म्हटलं असतं, तर आपल्या पणजीने दारातच हटकलं असतं. ज्याने हा सरकारी प्रतिशब्द शोधला त्याला बहुधा हे माहीत होतं. कार्डावर शब्द बरोबर छापलाय, आता पिशवी तेवढी त्या शब्दाला जागायला हवी.